तेवीस किलोंचं प्रस्थान

मी देश सोडला त्याच्या दोन तारखा आहेत. एक पासपोर्टवरच्या शिक्क्यातली, वीस सप्टेंबर. दुसरी आईच्या कॅलेंडरवरची, सहा सप्टेंबर. मधले चौदा दिवस मी बोरीवलीत आमच्याच घरात होते. जेवत होते, झोपत होते, आईच्या शिव्या खात होते. तरी आईच्या मते मी गेलेली होते. त्या चौदा दिवसांनी मला चार लाखांना खड्ड्यात घातलं, आणि अजूनही तो विषय निघाला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षात मी असते. दुसऱ्या पक्षात आई आणि समोरच्या बेन.

आधी घरची ओळख. आमची सोसायटी चार मजल्यांची, बिनलिफ्टची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका शाळेत शिपाई झाले, आणि मी कॉलेजात असताना वारले. आई रेशनिंग ऑफिसात कारकून होती, आता रिटायर आहे. मूळ सिंधुदुर्गातली. एरवी बोलते मुंबईचं मराठी, पण डोकं फिरलं की थेट मालवणीत शिरते. मी एकुलती एक, वय सदतीस, लग्नाचा विषय सोसायटीने आता सोडून दिलेला. भाड्याने राहत होतो तेच घर मी कर्ज काढून विकत घेतलं, आणि त्या कर्जाने माझ्या मानेवर असं काही बूड टेकलं की उठायचं नाव घेईना.

म्हणून दुबई. औषधं साठवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. कुठल्या खोलीत कुठल्या तारखेला किती तापमान होतं, त्याचे तक्ते तपासायचे. एक तारीख चुकली तरी मी माणसांना फाडून खाते. हे लक्षात ठेवा, पुढे माझीच फजिती व्हायची आहे. आईशी ठरलं ते असं: तीन वर्षं जायचं, कर्ज फेडायचं, परत यायचं. तीन म्हणजे तीन. आईने ते देवापुढे म्हणवून घेतलं.

तिकीट कंपनीने काढलं, वीस सप्टेंबरचं. आईने तारीख ऐकली आणि हातातली लसूण खाली ठेवली.

"पितृपक्षात?"

"आई, कंपनीने काढलंय."

"तुझ्या कंपनीला बापजादे नाहीत काय?"

पितृपक्षात नवीन कामाला निघायचं नाही, ही आईची काळ्या दगडावरची रेघ. पण रेशनिंग ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई आहे ती, नियम मोडत नाही, नियमातली फट शोधते. फट तयार होतीच. तिचं नाव प्रस्थान. ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रवासाचा दिवस बरा नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं काहीतरी सामान शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. हळदीकुंकू, सुपारी, थोडे तांदूळ, एखादा कपडा, असं फडक्यात बांधून. ते घराबाहेर पडलं की तुम्ही निघालात. मग प्रत्यक्ष केव्हा निघायचं ते निघा, मुहूर्त आधीच्या दिवसाचाच लागतो. लोक सुपारी ठेवतात, माझ्या आईने अख्खी बॅग ठेवली. तेवीस किलोंची.

"सुपारीवर भागतं गं आई."

"परदेश आहे. पक्कं काम केलेलं बरं."

पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी, अनंत चतुर्दशीला सकाळी, खाली विसर्जनाच्या ढोलांची जुळवाजुळव चाललेली असताना आम्ही ती बॅग दारातून समोरच्या दारात नेली. एकूण अंतर सहा पावलं. समोर एक गुजराती जोडपं राहतं, दोघंच. त्यांतल्या बेन माझ्या जन्माच्याही आधीपासून आईच्या मैत्रीण. त्यांनी बॅगेला कुंकू लावलं. "आमच्यात पण ठेवते," म्हणाल्या, "पस्तानुं बोलते आम्ही." मग मला साखर दिली आणि माझा पापा घेऊन डोळे पुसले. मी परत सहा पावलं चालून घरी आले आणि पंख्याखाली बसले. आईने कॅलेंडरवर सहा तारखेच्या चौकोनात लिहिलं, गेली.

यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा पाणचट. विचारलं तर म्हणाली, "दूध अर्धा लिटर केलं. तू गेलीस ना." मला ताट मिळालं ते पाहुण्यांचं, नक्षीचं. माझं ताट घासून वर ठेवलेलं. कणकवलीच्या मावशीचा फोन आला, तिला आई सांगतेय, "हो, गेली परवा. पोचायची आहे अजून." मी शेजारी बसून कांदेपोहे खातेय. मी मोठ्याने खोकले तर मला हाताने गप्प केलं.

बॅग घरात परत आणायला सक्त मनाई. एकदा निघालेलं प्रस्थान माघारी घेत नाहीत. त्यामुळे चार्जर हवा असला की मी बेनच्या हॉलमध्ये. मोजे हवे असले की बेनच्या हॉलमध्ये. त्यांचे यजमान सोफ्यावर बसून बातम्या बघत असत. मी आले की न बोलता पाय वर घ्यायचे, मी सोफ्याखालून बॅग ओढायची, उघडायची, माझे आतले कपडे एका हाताने झाकत दुसऱ्या हाताने हवं ते उपसायचं. ते सभ्य माणूस, नजर टीव्हीवर. चौदा दिवसांत मी त्यांना सतरा वेळा पाय वर घ्यायला लावले असतील.

दहाव्या दिवशी बेनना शंका आली. "अगं, हे पस्तानुं किती दिवस चालते? आमच्यात तर पाचच." आई म्हणाली, मी सांगेन तितके दिवस. बेन म्हणाल्या, असं कसं? आई म्हणाली, "रेशनकार्डावर साहेबाने सही केली की ते कार्ड चालतंच ना? तसंच. मी ठेवलंय, मी सांगेन." विषय मिटला. वीस तारखेला मी खरोखरची गेले, तेव्हा आई विमानतळावर आलीसुद्धा नाही. दारात उभी राहून म्हणाली, "गेलेल्या माणसाला दोनदा काय पोचवायचं." मग आत गेली. मी जिन्यात दोन मिनिटं थांबले होते, आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मलाही त्या टॅक्सीत चांगलंच रडू आलं.

दुबईत स्थिरस्थावर झाल्यावर टॅक्सचं भूत उठलं. माझी शाळेतली मैत्रीण सीए आहे. शिंपोलीला एका फरसाणच्या दुकानावर तिचं ऑफिस, त्यामुळे तिच्या सगळ्या फायलींना पापडीचा वास येतो. शाळेत मी तिचं गणित उतरवायचे, ती माझं मराठी. तिने फोनवर मला समजावलं.

"हे बघ, सोपं आहे. एप्रिल ते मार्च. त्या वर्षात तू नोकरीसाठी बाहेर गेलीस. इथे एकशे एक्याऐंशी दिवसांपर्यंत राहिलीस तर तू अनिवासी. मग दुबईचा पगार तुझा, सरकार बघणार पण नाही. एकशे ब्याऐंशी झाले, की तू निवासी. मग दुबईच्या पगारावरसुद्धा इथे टॅक्स. कळलं?"

"एका दिवसाने?"

"एका दिवसाने यार. आलीस तो दिवस धरायचा, गेलीस तो पण धरायचा. मधे सुट्टीला आलीस तर तेही दिवस त्यातच. म्हणून मला सांग, गेलीस नक्की कधी? मी मोजून सांगते तुझ्याकडे किती दिवस शिल्लक आहेत."

मी तेव्हा गोदामात, हातात दोन थर्मामीटर, समोर घाम पुसणारा ड्रायव्हर. म्हटलं, "घरी फोन कर ना, आईच्या कॅलेंडरवर सगळं असतं." झालं. आयुष्यभर लोकांच्या तारखा तपासणारी मी, स्वतःची एक तारीख सांगायला मला वेळ नव्हता. संध्याकाळी तिचा मेसेज आला, बावीस दिवस आहेत तुझ्याकडे, मजा कर. मी अंगठा पाठवला. मोजून बघितलं? नाही. बोटं होती की हाताला, दहा होती. नाही मोजलं.

आता आईचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन वर्षं पिकत पडलेले. डॉक्टर म्हणत होते कधीच करून टाका. आई म्हणायची, बघू. मी जायच्या आधी सुट्टी काढली होती, तेव्हा म्हणाली गणपतीत नको. खरं कारण भीती. सुईला न घाबरणारी, साहेबांना न घाबरणारी, उंदराला चपलेने मारणारी ही बाई डोळ्याला कुणी हात लावणार म्हटलं की पांढरीफटक पडायची. जानेवारीत बेनचा फोन आला. आईने चहात साखर समजून मीठ घातलं, वर स्वतः ते पिऊन टाकलं आणि कबूल केलं नाही. शिवाय जिन्याची शेवटची पायरी तिला दिसत नव्हती, दोनदा पाय चुकला होता. मी फोनवर आरडाओरडा केला. आई म्हणाली, "तू ये. तू असलीस तर करते. दोन्ही डोळे होईपर्यंत थांबायचं, मधेच पळायचं नाही. नाहीतर राहू दे, मला काय पेपर वाचायचाय?"

बावीस दिवस होते ना हाताशी! मी फेब्रुवारीत अठरा दिवसांची रजा टाकली. राजासारखी आले.

दुसऱ्या दिवशी उजवा डोळा झाला. आई आत जाताना माझा हात असा धरून होती की नखांचे चार चंद्र दोन दिवस राहिले. अर्ध्या तासात बाहेर आली. काळा चष्मा, त्याआडून एकच डोळा, आणि पहिलं वाक्य, "तुझे केस किती पिकले गं." डावा डोळा आठवड्याने करायचा ठरला. म्हणजे माझ्या मुक्कामाच्या नवव्या दिवशी. तोपर्यंत डोळ्यात थेंब घालायचे दर चार तासांनी, वाकू द्यायचं नाही, ओट्याजवळ जाऊ द्यायचं नाही. वाघाला खुर्चीत बसवून ठेवण्यासारखं काम ते. एका डोळ्याने ती आता घरातली जळमटं मोजत होती आणि मला ती काढायला लावत होती.

आठव्या दिवशी सकाळी मैत्रीण आईला बघायला आली. येताना फरसाण, अर्थातच. चहा घेता घेता म्हणाली, पासपोर्ट दे, फाइलला कॉपी लागेल. मी दिला. तिने पानं उलटली. मग परत उलटली. मग कप खाली ठेवला.

"हे वीस सप्टेंबर काय आहे?"

"काय म्हणजे? मी गेले तो दिवस."

"तू सहाला गेलीस ना?"

 माझी नजर भिंतीकडे गेली. मागच्या वर्षीचं कॅलेंडर आई फेकत नाही, नव्याच्या मागे टांगून ठेवते. मी उठून नवं वर केलं, सप्टेंबर काढला. सहाच्या चौकोनात, गेली.

"आई!" मी ओरडले. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

मैत्रिणीने मोबाइलवर मोजलं. मीही बोटांवर मोजलं, आता, फुकट. एप्रिलपासून वीस सप्टेंबरपर्यंत एकशे त्र्याहत्तर. अधिक आठ. आज एकशे एक्याऐंशी. म्हणजे आजच्या तारखेत विमानतळावर शिक्का पडला तर मी वाचले. उद्याचा दिवस उजाडला की निवासी.

"किती जातील?" मी विचारलं.

तिने आकडेमोड केली. "चार लाखांच्या वर. दुहेरी टॅक्स टाळायचा करारबिरार आहे दोन देशांचा, पण त्याला तिथल्या रहिवासाचा दाखला लागतो, तो तुला या वर्षी मिळणार नाही. सॉरी यार. निघ आज. काकूंजवळ मी थांबते उद्या."

चार लाख म्हणजे नुसता आकडा नव्हता हो. मी कर्जाचं कोष्टक करून फ्रीजवर लावलं होतं, दर महिन्याला एक चौकोन खोडायचा. चार लाख म्हणजे त्यातले सहा चौकोन. म्हणजे तिकडचे आणखी सहा महिने. तीन वर्षांची साडेतीन. आणि उद्या सकाळी नऊला डावा डोळा.

मी आधी मैत्रिणीवर उखडले. सीए ना तू? ती म्हणाली, तुझ्या आईने सांगितलं, मी काय पोलीस आहे? मग मी आईवर उखडले. प्रस्थान म्हणे प्रस्थान! आता ही सुपारी इन्कम टॅक्सवाल्याला दाखवू? त्याला सांगू, साहेब, मी नव्हतेच हो इथे, माझी बॅग समोर गेली होती सहा पावलं, चहात दूधसुद्धा नव्हतं मला? मी बोलत सुटले.  

आई उठली. माझी बॅग कपाटाशेजारी उभी होती, तिचं हँडल धरलं, आणि एका डोळ्याची, वजन उचलायला बंदी असलेली माझी आई ती बॅग फरफटत दाराबाहेर घेऊन निघाली. मी धावेपर्यंत बेनच्या दारात पोचली होती. बेनच्या यजमानांनी आवाज ऐकूनच पाय वर घेतले.

"झालं प्रस्थान," आई म्हणाली. "निघ आता. तिकीट काढ."

"तुझा डोळा?"

"डोळा माझा आहे, माझ्याजवळ राहील. मार्चनंतर ये, तेव्हा करू. तोवर बेन आहे."

"मार्चपर्यंत तू जिना उतरणार कशी? आणि तू करणार आहेस का नंतर? मला शिकवू नकोस!"

"जा गो!" आई किंचाळली. "चार लाख! माका काय म्हायत चार लाख! माका वाटला हापिसातल्या रजेसारख्या आसतला. जास्ती झाली तर एक दिवसाचो पगार कापतत. चार लाख कोण कापता?"

मी थांबले. मैत्रीणही दारात आली होती, तिचे डोळे बारीक झाले. "काकू," ती म्हणाली, "कसल्या रजेसारखं?"

आईने बेनकडे बघितलं. बेनने पंख्याकडे बघितलं. म्हणजे बेनला माहीत होतं!

मग हळूहळू बाहेर आलं. त्या दिवशी मैत्रिणीने फोनवर विचारलं होतं, काकू, ती गेली कधी? वीसच्या आसपास ना? मग फक्त आठ दिवस उरतात हं तिला यायला. मैत्रिणीला आता ते आठवलं, कपाळावर हात मारून घेतला. आईने तेव्हा एक क्षण विचार केला आणि म्हणाली, थांब हं, कॅलेंडर बघते. बघून आली आणि सांगितलं, सहा.

"आठ दिवसांत दोन डोळे होतात काय?" आई मला म्हणाली. आवाज आता अगदी खाली आला होता. "डॉक्टरने दोघांच्या मधे आठवडा सांगितला होता. एक डोळा करून तू गेली असतीस. दुसऱ्याला मी गेलेच नसते, मला माहीत आहे मी कशी आहे. आणि तुला नुसतं ये म्हटलं असतं तर तू मोजून आठ दिवस आली असतीस. खोटा नाय बोललंय मी. सहा तारखेकच गेल्लंस तू."

मला काय झालं सांगू? आधी असा राग आला की डोळ्यांपुढे अंधारी. रेशनिंग ऑफिसात हजारो लोकांना 'पुरावा आणा' म्हणून परत पाठवणारी ही बाई, आणि स्वतःच्या मुलीच्या कागदावर तारीख फिरवते! आणि त्याच रागाच्या पोटात हेही कळत होतं की ती बोलली ते शब्दशः खरं आहे. मी मोजून आठच दिवस आले असते. नवव्या दिवशी तिला फोन केला असता, थेंब घातलेस का म्हणून. मला माझीच लाज वाटली. मग मला हसू यायला लागलं, ते थांबेना, आणि हसता हसता रडू. बेनचे यजमान तेवढ्यापुरते टीव्हीचा आवाज कमी करून बसले.

मोबाइलवर संध्याकाळचं विमान दिसत होतं. जागाही होती. मी ते पान थोडा वेळ बघितलं, खोटं कशाला सांगू. सहा चौकोन, सहा महिने, डोक्यात गरगर फिरत होते. मग मी मोबाइल पालथा ठेवला आणि मैत्रिणीला म्हटलं, फरसाण उघड.

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे उद्या नऊ वाजता तुझा डोळा. आणि बॅग घरी घेऊन चल."

आई एकदम ताठ झाली. "प्रस्थान माघारी नेत नाहीत."

चार लाख गेले, तारीख फिरवल्याचं उघडं पडलं, तरी नियम तो नियम. बॅग त्या रात्री बेनच्याच सोफ्याखाली राहिली, त्यांच्या यजमानांना पुन्हा पाय वर घ्यायला लावायची माझी छाती झाली नाही, आणि मी आईचा गाऊन घालून झोपले. दुसऱ्या दिवशी आईचाच पंजाबी ड्रेस घालून तिला हॉस्पिटलात नेलं, पोटावर आखूड आणि खांद्यावर ढगळ. नर्सने विचारलं, पेशंट कोण? आई आत जाताना पुन्हा हात धरून होती. मला म्हणाली, "आजपासून तू इथली ना? एकशे ब्याऐंशी झाले ना?" मी म्हटलं, झाले. "मग ठीक," म्हणाली आणि हात सोडून एकटी आत गेली.

जुलैत रिटर्न भरायचं आलं. मी दुबईत, मैत्रीण तिच्या लॅपटॉपसह आमच्या घरी, मी व्हिडिओवर. आई मैत्रिणीच्या शेजारी खुर्ची ओढून, दोन्ही डोळे ठणठणीत, स्क्रीनवरचा शब्दन् शब्द मोठ्याने वाचत होती. माझा पगार वाचला. शेजारी ऐकतील म्हटलं तर म्हणाली, बेनला माहीतच आहे. मग एका ओळीवर थांबली.

"रेसिडेंट," तिने वाचलं. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे निवासी, काकू," मैत्रीण म्हणाली. "म्हणजे सरकारच्या हिशेबाने ती मागचं वर्षभर इथेच राहत होती."

आई उठून गेली. कॅमेऱ्यात फक्त रिकामी खुर्ची आणि मागची भिंत. ती भिंतीशी आली, नवं कॅलेंडर वर केलं, मागचं काढलं, आणि पेनाने सहा सप्टेंबरच्या चौकोनात काहीतरी खोडलं. मग वीस सप्टेंबरच्या चौकोनातही बघितलं, तिथे तिने काही लिहिलेलंच नव्हतं. परत येऊन बसली.

"भर पैसे," म्हणाली. "आणि सहा महिने वाढले त्याचं काय करायचं, ते मी बघून ठेवलंय. तुझ्या समोर कोण राहतं तिकडे?"

"एक मल्याळी नर्स राहते. का?"

"चांगली आहे?"

"चांगली आहे. आई, का?"

"मग आज दिवस बरा आहे. एक बॅग भर आणि तिच्याकडे ठेव. परत यायचं प्रस्थान."

"आई, अजून अडीच-तीन वर्षं आहेत! बेन पाच दिवस म्हणाल्या होत्या!"

"मी सांगेन तितके दिवस चालतं," आई म्हणाली.

पैसे भरले. फोन ठेवला.  मग कपाटावरची लहान बॅग काढली, तिच्यात दोन कुर्ते, आईने दिलेला टॉवेल आणि डब्यातले थोडे तांदूळ घातले, आणि समोरचं दार वाजवलं. नर्स नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत काय ते सांगितलं. तिने फार काही विचारलं नाही, बॅग घेतली आणि दाराच्या मागे ठेवली. मी चार पावलं चालून माझ्या खोलीत परत आले आणि आईला मेसेज केला, निघाले.

लगेच उत्तर आलं. दूध उद्यापासून एक लिटर सांगते.